लांबची तारीख

नोकरीच्या आठवणी लिहा म्हटलं की माणसाला आधी बढत्या आणि बदल्या आठवतात. माझी बढती एकच झाली आणि तीही निवृत्तीच्या आदल्या वर्षी, तेव्हा तो विषय इथंच संपला. मी जनावरांच्या सरकारी दवाखान्यात परिचर होतो. गावातले लोक कंपोंडर म्हणायचे. मी कधी हरकत घेतली नाही, कारण परिचर म्हणजे काय हे कुणाकुणाला सांगत बसणार? बाटल्या धुणं, खोडा पुसणं, जनावराचं डोकं धरणं आणि तारखा देणं ही माझी कामं. त्यातलं तारखा देण्याचं काम मी मन लावून केलं. इतक्या वर्षांत माझ्या हातून दोनच तारखा अशा चुकल्या की त्या अजून टोचतात. दोन्ही एकाच बाईच्या होत्या. त्या सांगायच्या म्हणून लिहायला बसलो आहे, बाकीचं तोंडी लावायला.

हा काळ सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धातला. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातला तालुका होता. माझा दवाखाना कळमनुरी तालुक्यात, डोंगरकड्याच्या अलीकडच्या एका गावात होता. गावाचं नाव घेत नाही, तिथली माणसं अजून आहेत. दोन खोल्या, पुढं पत्र्याची पडवी, अंगणात लिंबाचं झाड आणि झाडाखाली जनावर अडकवायचा लाकडी खोडा. मागच्या खोलीत अर्ध्या भागात औषधांचं कपाट आणि उरलेल्या अर्ध्यात मी. डॉक्टरांकडे दोन दवाखाने होते. आमच्याकडे ते मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळच्या एसटीनं यायचे आणि साडेअकराच्या गाडीनं परत जायचे. काम जास्त असलं तर मी सांगायचो, मग ते चारच्या गाडीपर्यंत थांबायचे. कोणाचं जनावर कोणत्या दिवशी आणायचं आणि डॉक्टरांना थांबवायचं की नाही, हे सगळं माझ्या वहीवर चालायचं.

तारीख देणं सोपं वाटतं, पण नव्हतं. सगळ्यात जास्त तारखा गोऱ्हे खच्ची करण्याच्या. पूर्वी गोऱ्ह्याला पाडून, दगडावर ठेवून बडवायचे. ते मी लहानपणी पाहिलं होतं आणि तो आवाज विसरलेलो नाही. सरकारनं मोठा लोखंडी चिमटा आणला. तो कातडीवरून दाबला की आतली नस तुटते. रक्ताचा थेंब नाही, टाका नाही, पाच मिनिटांत काम. पण शेतकऱ्याला उन्हाळ्यात ते नको, कारण गोऱ्हा मलूल होतो. पावसाळ्यात नको, माशा बसतात. अमावास्येला नको. प्रदोषाला तर नकोच, तो महादेवाचा दिवस. राहिलेल्या मंगळवार-शुक्रवारात सगळं गाव बसवायचं. धनगर मंडळी मात्र या कामाला आमच्याकडे फिरकत नसत. आपले मेंढे, बोकड ते स्वतःच खस्सी करायचे आणि आमच्यापेक्षा सफाईनं करायचे.

त्या भागात एक रीत होती. गोऱ्हा खोड्यात घातला की मालक दोरी धरायचा नाही. ज्यानं धरलं त्याच्यावर बैल जन्मभर डूख धरतो, असं मानायचे. म्हणून मालक लिंबाआड जाऊन पाठ करून उभा राहायचा आणि डोकं मी धरायचो. काम झालं की तोच मालक हातात गुळाचा खडा घेऊन धावत यायचा, जसा काही सोडवायलाच आला. गोऱ्हा त्याचा हात चाटायचा आणि माझ्याकडे डोळे वटारून बघायचा. दोन-तीन वर्षांत अशी वेळ आली की मी गावातून निघालो की गोठ्यातले बैल फुरफुरायचे आणि सुई टोचलेली कुत्री गल्ली सोडून पळायची. मालकही गोठ्यापाशी असला तर मला हाक मारायचा नाही. त्याचा इलाज नव्हता. रीत त्यांचीच, पण तिचा हिशेब जनावरं माझ्याकडे मागायची.

माणसांचंही फार वेगळं नव्हतं. आम्ही वसमतकडचे बौद्ध. गावात खोली मागितली तेव्हा सगळे गोड बोलले आणि कुणीच दिली नाही, म्हणून कपाटाशेजारी अंथरूण टाकलं. हॉटेलात माझ्यासाठी कान तुटलेला कप वेगळा टांगलेला असायचा. दोनदा त्यातून प्यायलो, तिसऱ्यांदा स्टोव्ह विकत आणला आणि दोन चांगले कप आणले. दोन काहून आणले, ते तेव्हा मलाही सांगता आलं नसतं. बायको लग्नानंतर दीड वर्षात तापानं गेली होती. आई धाकट्या भावाजवळ असायची. मंगळवार आणि शुक्रवार सोडले तर आठवड्यातले पाच दिवस माझ्याशी बोलणारं माणूस म्हणजे औषधाच्या पेट्या टाकून जाणारा हमाल.

हसण्यासारखंही घडायचं. नसबंदीच्या शिबिरांचा तो काळ. डॉक्टरांनी मला एका वाडीवर पाठवलं, किती गोऱ्हे आहेत ते लिहून आण म्हणून. मी खाकी कपड्यांत, काखेत वही घेऊन वेशीत शिरलो आणि वाडीतले सगळे पुरुष पसार झाले. एक म्हातारी तेवढी ओट्यावर बसून राहिली. मी म्हटलं, "आजी, गोऱ्हे मोजायचे आहेत." ती म्हणाली, "मोज बाबा. पर मपला लेक परभनीला गेलाय, त्याला नको धरू त्यात." तिचा लेक कडब्याच्या गंजीमागून डोकावत होता. शाळेचे हेडमास्तर आपल्या कुत्रीच्या ऑपरेशनसाठी आले, तर तीन खेपांपर्यंत विषयच काढेनात. पहिल्या खेपेला पावसावर बोलले, दुसऱ्या खेपेला शाळेच्या गळक्या छतावर. तिसऱ्यांदा मीच तारीख लिहून कागद त्यांच्या खिशात घातला, तेव्हा सुटल्यासारखे घरी गेले.

आणि मग शेवटच्या सुईच्या तारखा. त्या थोड्या असत, बहुतेक कुत्र्यांच्या, एकदा टांग्याच्या घोडीची. 'मारा' हा शब्द कुणी तोंडातून काढत नसे. 'मोकळं करा' म्हणत. त्या दिवशी डॉक्टरांना थांबायला सांगावं लागे, कारण हे काम गर्दी पांगल्यावर करायचं अशी त्यांची शिस्त होती.

ठकूबाई अशाच कामाला आली. साठीच्या पुढची हटकर धनगर बाई, आमच्यापासून दोन कोसांवरच्या वस्तीवर एकटी राहायची. नवरा कधीचाच गेला होता, मेंढरं बहात्तरच्या दुष्काळात गेली होती. लेक कनेरगाव नाक्याजवळ दिलेली. बाईजवळ उरला होता फक्त कळपाचा राखण्या कुत्रा, खंड्या. त्याच्या जबड्याखाली मोठी गाठ आली होती. पहिल्या शुक्रवारी ती त्याला चालवत, बसवत, पहाटेपासून निघून दवाखान्यात घेऊन आली. डॉक्टरांनी गाठ दाबून पाहिली आणि सरळ सांगितलं, "बाई, हे कापण्यातलं नाही. त्याला तकलीफ वाढत जाणार. मोकळं केलेलं बरं."

तिनं खंड्याच्या पाठीवर हात ठेवला. मग म्हणाली, "आज न्हाई, सायेब. आज त्यानं सकाळी भाकर खाल्ली."

डॉक्टर भले माणूस होते. मला म्हणाले, "पुढच्या शुक्रवारची तारीख दे. त्या येणार असतील तर मला सकाळी सांग, मी चारच्या गाडीनं जाईन." मी तारीख लिहिली. डॉक्टर गेले. ठकूबाई पडवीत बसून राहिली आणि तिनं पाणी मागितलं.

मी तांब्या भरून आणला आणि जागीच थांबलो. "मावशी, मी बौद्ध आहे," म्हटलं. आधी सांगितलेलं बरं असतं. नंतर कळलं की तांब्या आपटायचा आवाज येतो.

तिनं खंड्याकडे बोट केलं. त्यानं आपलं जड डोकं माझ्या पायावर ठेवलं होतं. मला जाणवलंही नव्हतं. "त्यो कुनाच्या पायावर असा डोकं ठेवत न्हाई," ती म्हणाली. "आना पानी." पाणी प्यायली, मग मी न विचारता चहा टाकला. दुसरा कप तेव्हा पहिल्यांदा वापरात आला. तिनं फडक्यातून भाकरी सोडली, लसणाचं तिखट काढलं आणि अर्धी माझ्या हातावर ठेवली. त्या गावात कुणाबरोबर बसून मी तोपर्यंत जेवलो नव्हतो.

पुढच्या शुक्रवारी सकाळी डॉक्टर उतरले आणि त्यांनी स्वतःहून विचारलं, "ती कुत्र्याची बाई येणार आहे ना? थांबू का?" मी म्हणालो, "निरोप आलाय साहेब. अजून मन होत नाही म्हणते." निरोप काही आलेला नव्हता. वाक्य तोंडातून कसं निघालं, ते मलाच कळलं नाही. डॉक्टर साडेअकराला गेले. खंड्याला आता चालवत नव्हतं, म्हणून ती वस्तीवरच्या नामदेवच्या बाजारगाडीत बसून आली, ती बारा वाजून गेल्यावर.

"डॉक्टर गेले, मावशी," मी म्हणालो. "पुढच्या शुक्रवारी."

तिचा चेहरा सैल पडला. तिनं खंड्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "मंग आजचा दिस भेटला म्हना." मला वाटलं, मी पुण्याचं काम केलं. चहा झाला, भाकरी झाली. नामदेव बाजार उरकून येईपर्यंत तीन तास आम्ही बोलत बसलो. दुष्काळात मेंढरं कशी एकेक करून बसली आणि उठली नाहीत, ते तिनं सांगितलं. मी बायकोबद्दल बोललो. ती गेल्यापासून तिचं नाव मी मोठ्यानं घेतलं नव्हतं.

तिसऱ्या शुक्रवारी मी डॉक्टरांना तेच सांगितलं आणि तिलाही तेच सांगितलं. चौथ्यालाही. आठवडाभर मी शुक्रवारची वाट बघायचो. मंगळवारीच चहापत्ती पाहून ठेवायचो. आणि खंड्या झिजत होता. तिसऱ्या खेपेला तो दुधात कुस्करलेली भाकरी खात होता. चौथ्या खेपेला ती त्याच्या जबड्याच्या कडेनं ओघळली. गाठ फुटली होती. मी कपाटातून दुखणं कमी करायची पूड काढून दिली, जखम धुतली, मलम लावलं. हे सगळं त्याच्यासाठी करतोय असं स्वतःला सांगितलं. त्याला त्यातलं काही नको होतं. त्याला जे हवं होतं ते त्याच कपाटात, दुसऱ्या खणात होतं, आणि किल्ली माझ्या कमरेला होती.

ठकूबाई त्या दिवशी निघताना म्हणाली, "दादा, रातभर कन्हतो. पुढल्या बारीला सायेब भेटतील न बराबर?"

"भेटतील," मी म्हणालो. तेव्हा खरंच ठरवलं होतं. पण शुक्रवारी सकाळी डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा जीभ पुन्हा तिकडेच वळली.

त्या पाचव्या शुक्रवारी साडेअकराची एसटी आलीच नाही. डॉक्टर तासभर थांब्यावर उभे राहिले आणि कंटाळून परत आले. पडवीत ठकूबाई बसलेली, मांडीवर घोंगडी आणि घोंगडीत खंड्या. स्टोव्हवर माझा चहा उकळत होता.

"अहो बाई," डॉक्टर म्हणाले, "चार शुक्रवार मी विचारतोय. आणि तुम्ही निरोप धाडताय की मन होत नाही. बघा काय दशा झाली त्याची."

तिनं माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मी स्टोव्ह बंद केला आणि तिथंच उभा राहिलो. तिच्या एका शब्दानं माझी नोकरी गेली असती, आणि गेली असती तर ते योग्यच होतं.

"व्हय सायेब," ती म्हणाली. "मपलाच पाय निघंना."

डॉक्टरांनी सुई भरायला घेतली. मी सवयीनं पुढं झालो, डोकं धरायला, आणि म्हणालो, "मावशी, तुमी लिंबाखाली जाऊन बसा." तिनं मान हलवली. "न्हाई. डूख धरला तर मपल्यावर धरंल. तुमी सरा." तिनं त्याचं डोकं दोन्ही हातांत घेतलं आणि कळप हाकताना तोंडानं जसा आवाज काढतात तसा हळू आवाज काढत राहिली. त्याला फार वेळ लागला नाही. अंगात काही उरलंच नव्हतं.

डॉक्टर हात धुवायला आत गेले. ती खंड्याला घोंगडीत गुंडाळत होती. वर न बघता म्हणाली, "चार शुक्रवार काढले त्यानं."

मी म्हणालो, "चुकलं, मावशी."

"मला सांगायचं व्हतं न, दादा. मी तशीच येत गेले असते."

नामदेव बाजार उरकून आला. त्यानं आणि मी मिळून खंड्याला गाडीत ठेवलं. गाडी वळणाआड गेली. चहा पातेल्यात तसाच राहिला.

पुढच्या शुक्रवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तशीच येत गेले असते, हे ती खरं बोलली होती याबद्दल मला शंका नाही. पण ते, मी आधीच खरं सांगितलं असतं तर. बिनकामाचं दुसऱ्याच्या दारात जाऊन बसणारी ती बाई नव्हती आणि या बसा म्हणायला माझं तोंड राहिलं नव्हतं. मी फक्त एक शपथ घेतली. यापुढं कुणाची तारीख एक दिवसही लांबवायची नाही. आणि ती पाळली. लोक म्हणायला लागले, कंपोंडर फार तातडीचा झाला.

दोन-अडीच महिन्यांनी एका शुक्रवारी, दहाच्या सुमाराला, ठकूबाई दोरीला बांधलेला बोकड घेऊन अंगणात उभी. एवढासा, पांढरा, कानावर काळा ठिपका असलेला. पायी आली होती. डोक्यावर फडक्यात बांधलेली भाकरी होती.

मला इतका आनंद झाला की काय करू न् काय नको असं झालं. "बसा मावशी," म्हटलं, "काय काम काढलं?"

"ह्याला खस्सी करायचं," ती म्हणाली. "तारीख पाह्यजे."

"कधी करायचं?"

"मला घाई न्हाई, दादा. बारकाच हाये अजून." ती पडवीच्या कडेला टेकली आणि फडक्याची गाठ सोडायला लागली. "लांबची दिली तरी चालंल. मी येऊन विचारत जाईन."

हे शब्द मला जसेच्या तसे आठवतात. तेव्हा कानावरून गेले. माझ्या डोक्यात खंड्या होता, ते चार शुक्रवार होते. या बाईला मी पुन्हा एक दिवसही थांबवणार नव्हतो. "लांबची काहून?" मी म्हणालो. "आता तसं न्हाई होत, मावशी. डॉक्टर आहेत, चिमटा तयार आहे. आत्ताच करून देतो."

तिच्या हातातली गाठ अर्धी सुटली होती. "आत्ताच?"

"पाच मिनिटांत."

मी बोकड उचलला, डॉक्टरांना हाक मारली आणि खरोखर पाच मिनिटांत काम उरकलं. मी स्वतः धरला, तिला त्रास नको म्हणून. बोकड माझ्या हातून सुटला आणि लंगडत तिच्या लुगड्यात शिरला.

"टाके-बिके काढाया यावं लागंल न?" तिनं विचारलं.

"टाकाच नाही. रक्त नाही. मलम नाही." मला केवढा अभिमान वाटत होता. "तुम्हाला आता यायचं कामच नाही, मावशी."

"न्हाई?"

"बिलकुल नाही."

"बरं," ती म्हणाली. फडक्याची गाठ पुन्हा आवळली, भाकरी डोक्यावर ठेवली, दोरी मनगटाला गुंडाळली. मला वाटलं तिला बाजार गाठायचा असेल. चहाचं विचारायचं माझ्या लक्षातही आलं नाही, कारण खोड्यापाशी दोन माणसं खोळंबली होती आणि मी तातडीचा माणूस झालो होतो.

गर्दी ओसरल्यावर डॉक्टर चिमटा पुसत म्हणाले, "गंमत आहे. धनगराची बाई आणि बोकड खस्सी करायला दवाखान्यात? यांची पोरंसोरं हे घरी करतात." मी हसून हो म्हणालो. मग ते साडेअकराच्या गाडीनं गेले, मी वही बंद करायला घेतली आणि तिच्या नावापुढं आजचीच तारीख दिसली. तेव्हा मला सगळं कळलं. जन्म मेंढरांत काढलेली बाई दोन कोस चालत आली होती ती बोकडासाठी नव्हे. ती माझ्याकडे यायला काम घेऊन आली होती, आणि ते काम मी पाच मिनिटांत संपवून हातात दिलं होतं.

मी रस्त्यापर्यंत पळत गेलो. बाजाराकडेही जाऊन आलो. ती सरळ वस्तीवर परतली होती.

वस्तीवर जावं असं रोज वाटायचं. काय म्हणून जाणार, इथंच गाडं अडायचं. सरकारी माणूस दारात आला की लोक विचारतात, काय काम काढलं. पोळ्याच्या सुमाराला नामदेव बाजारात भेटला. म्हणाला, ठकूमाय लेकीकडं गेली, कनेरगाव नाक्याला, आता तिकडंच राहील. बोकड घेऊन गेली का, मी विचारलं. त्यानं जरा चमकून पाहिलं आणि म्हणाला, "व्हय, दोरीला धरूनच एसटीत बसली. कंडक्टरशी भांडली बी."

कनेरगाव नाक्याला जायचं तर हिंगोलीत गाडी बदलावी लागे. मी दोनदा हिंगोलीच्या स्टँडवर जाऊन तिकडून जाणाऱ्या वाशीमच्या गाडीपाशी उभा राहिलो, एकदा तर तिकीटही काढलं. गाडी भरली, सुटली. माझ्या हातात दोरी धरून न्यायला कुठलंच जनावर नव्हतं. मी परत आलो.